धोंड्यातली अंगठी कुणाच्या पोटात गेली

वलगाव,
अधिक ज्येष्ठ वद्य दशमी, मंगळवार,
दुपारचे अडीच (पंखा आहे, वीज नाही)

चि. रा. रा. जावईबापू योगेशराव यांसी सासरे भगवंत यांचे अनेक आशीर्वाद. (एरवी आम्ही दोघं मिळून आशीर्वाद पाठवतो. आज मी एकटाच पाठवतो आहे, कारण तुमच्या सासूबाई आतल्या खोलीत पडल्या आहेत आणि या पत्राची त्यांना खबर नाही.)

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायचा रिवाज आहे, तो पाळला. खरं विचाराल तर आमच्या घरात सध्या क्षेम फक्त वांगी आहेत. तुमची प्रकृती कशी आहे? आणि पोट? हे मी वरवर विचारत नाही. चौदा केळी, दोन पेले दुधातलं इसबगोल आणि वर चमचाभर एरंडेल एवढा ऐवज ज्याच्या पोटात गेला त्याची नऊ दिवसांनी तरी विचारपूस करणं हे सासऱ्याचं कर्तव्य आहे. त्यातून ती केळी मी स्वतःच्या हातानं सोलून दिली होती. शेषराव व्याह्यांना माझा साष्टांग नमस्कार सांगा, विहीणबाईंना सांगा, पण हे पत्र मात्र त्यांच्या नजरेस पडू देऊ नका. आमचे शेजारी मोतीरामजी मेव्हणीकडं तुमच्या बाळापूरला निघालेत, त्यांच्या हाती पाठवतो आहे. पत्र खुद्द योगेशरावांच्या हातात द्यायचं, बैठकीत कुणी दुसरं असलं तर चहा पिऊन परत यायचं, असं त्यांना बजावलं आहे. तुम्ही फोन उचलत नाही याचा राग नाही. तुमच्या जागी मी असतो तर मीही उचलला नसता, उलट सिमकार्ड बदललं असतं.

आता आढेवेढे न घेता सांगतो. (आढेवेढे पुढं येतीलच, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.) ती अंगठी तुम्ही गिळली नव्हती. तुम्ही ती खिशातही घातली नव्हती. ती अंगठी मी गिळली होती. हे वाक्य लिहायला मला नऊ दिवस लागले आणि लिहिल्यावर उठून माठातलं दोन ग्लास पाणी प्यावं लागलं. माझी विनंती एवढीच, की पुढचं सगळं शांतपणानं वाचावं, सासऱ्याला पोटभर शिव्या द्याव्यात आणि येत्या शनिवारी वलगावला येऊन वर्षालीला घेऊन जावं. रविवारी अमावास्या आहे. अधिक महिना संपला की धोंड्याचं वाण तीन वर्षं लांबलं, आणि पोरगी तीन वर्षं उंबऱ्यात बसून फोनकडं पाहत राहिली तर मला ते बघवणार नाही.

तर मूळ गोष्ट अशी. अधिक महिन्यात जावई म्हणजे नारायण आणि लेक म्हणजे लक्ष्मी, म्हणून त्यांना तेहतीस धोंडे वाढायचे, हे तुम्हाला सांगायला नको. पण तुमच्या सासूबाईंच्या माहेरी आणखी एक टूम आहे. तेहतिसांतल्या एका धोंड्यात पुरणाच्या पोटात सोनं लपवायचं आणि जावयाला काही सांगायचं नाही. दान गुप्त असावं म्हणतात. जावयाच्या दाताखाली सोनं आलं, की घरातल्या बायांनी एकमेकींकडं पाहून हसायचं, असा तो सोहळा. दिवाळीत तुम्ही दुपारी ओसरीत झोपला होता, तेव्हा तुमच्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या बेबीताईंनी, दोऱ्यानं तुमच्या बोटाचं माप घेतलं होतं (तुम्ही झोपेत माशी समजून त्यांच्या हातावर चापटही मारली होती, ती त्यांनी कौतुकानं चार घरी सांगितली). त्या मापाची अंगठी घडवून आणली. रविवारी पहाटे पुरण शिजलं, धोंडे भरले, तळले, मोठ्या लिंबाएवढे टपोरे, आणि ज्याच्यात अंगठी होती त्याला ओळख म्हणून वरून एक लवंग टोचली. मग परात ओल्या फडक्यानं झाकून त्या न्हाणीत गेल्या.

आता माझी बाजू. मला साखर निघाल्यापासून दोन वर्षं या घरात माझ्या जिभेला गोड लागलेलं नाही. चहा बिनसाखरेचा, सणाला पुरणपोळी आली तर ती दुसऱ्याच्या ताटात पाहायची. डॉक्टरांनी बंदी केली ती बरोबरच केली, पण डॉक्टर अमरावतीला राहतात, आणि तुमच्या सासूबाई माझ्यासोबत राहतात. त्या दिवशी पहाटेपासून तुपाचा वास घरभर फिरत होता. मी मळ्यातून गिलकी तोडून आलो, टोपली ठेवली, आणि पाय आपोआप स्वयंपाकघराकडं वळले. एकच घ्यायचा असं ठरवलं. परातीवरचं फडकं उचललं तर सगळ्यांत वर एक धोंडा लवंग लावून बसलेला. मला वाटलं, हा काहीतरी खास दिसतो. (चोरी करायची तर चांगल्या मालाची करावी, ही मंडीतली सवय.) लवंग काढून बाजूला टाकली आणि धोंडा उचलला तोच न्हाणीची कडी वाजली. जावईबापू, अशा वेळी माणूस चावत बसत नाही. मी तो आख्खा तोंडात कोंबला, जबडा तिथंच अडकला, डोळ्यांना पाणी आलं, माठातल्या पाण्याचे तीन घोट घेतले आणि तो खाली लोटला. काहीतरी कडक लागलं खरं. पण माझी वरची कवळी नवीन आहे, तिला टाळूही नाही कळत आणि जीभही नाही कळत. गुळाचा खडा असेल म्हणून सोडून दिलं. बेबीताई येईपर्यंत मी खिडकीतून आभाळ पाहत उभा होतो.

पंगतीचं तुम्हाला आठवत असेलच, पण तुम्ही ताटावर होता, मी समोर होतो, म्हणून जे मला दिसलं ते सांगतो. बेबीताईंना परातीत लवंग लावलेला धोंडा दिसला नाही. त्यांना वाटलं, लवंग गळून पडली. एक कमी भरला, तर घरच्यांसाठी केलेल्यांतला एक त्यांनी भर म्हणून टाकला आणि देवाचं नाव घेऊन वाढायला सुरुवात केली. तुम्ही जेवता भराभर, त्यातून आमरस. दर घासाला त्या तुमच्या जबड्याकडं पाहत होत्या आणि म्हणत होत्या, "चावून खा जवाईबापू, घाई काहून करून राहिले?" तुम्हाला वाटलं, सासूबाई माझं खाणं काढून राहिल्या, म्हणून तुम्ही लाजून आणखीच भराभर खाल्लं. सात धोंडे झाले आणि तुम्ही हात जोडले. मग त्यांनी उरलेले सव्वीस तुमच्याकडून फोडून घेतले. एक माणूस शांतपणे सव्वीस धोंडे फोडतो आहे, कशासाठी ते त्याला माहीत नाही, आणि शेजारणीसकट तीन बाया माना लांबवून बघताहेत, असं दृश्य मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. शेवटचा फुटला, नुसतं पुरण निघालं. बेबीताई मटकन खाली बसल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. अंगठीचं सांगितलं, लवंगेचंही सांगितलं.

लवंग हा शब्द ऐकला त्याच क्षणी मला कळलं. माझा हात आपोआप पोटावर गेला. तेव्हाच बोललो असतो तर हसून विषय संपला असता. पण बोलायचं म्हणजे धोंडा चोरल्याचं कबूल करायचं, ते व्याह्यांच्या घरच्या माणसासमोर, नारायणाच्या वाणातला. मी तोंड उघडलं, आणि त्याच वेळी बेबीताई म्हणाल्या, "गिळली त्याहीनं. घाईघाईत गिळली." मी तोंड मिटलं. जावईबापू, मला दुसरं तोंड असतं तर तेही मिटलं असतं.

त्या संध्याकाळी तुमच्यावर जे गुदरलं ते शत्रूवरही गुदरू नये. तुम्ही दहा वेळा सांगितलं, मी काही गिळलेलं नाही. घरात कुणी ऐकेना. एकीनं केळी सुचवली, एकीनं इसबगोल, एकीनं एरंडेल, आणि मला दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीमागच्या संडासाबाहेर खुर्ची टाकून बसवलं, तुम्ही आत जाल तेव्हा लक्ष ठेवायला. तुम्ही आतून विचारलं होतं, "बाबा, बाहेर तुमी आहात का?" आणि मी म्हणालो होतो, "नाही." या उत्तराचा मला आजही पश्चात्ताप होतो. ज्याच्या पोटात माल, तोच चौकीदार, अशी माझी त्या दिवसाची नोकरी होती.

मग आम्ही दोघं तुम्हाला घेऊन सोमवारीच अमरावतीला गेलो. मोतीरामजींची पायल तिथं एका दवाखान्यात एक्स-रे काढते, पोरगी हुशार आणि तोंडाची स्पष्ट. तिनं तुमचं पोट पुढून काढलं, बाजूनं काढलं, काच उजेडाला धरली आणि म्हणाली, की यांच्या पोटात गॅस आणि केळी सोडून काहीएक नाही. मला तेव्हा हायसं वाटायला हवं होतं. पण बेबीताईंच्या तोंडून निघून गेलं, "मंग गेली कुठं अंगठी?" आणि त्यांची नजर तुमच्या शर्टाच्या खिशाकडं गेली. एकदाच गेली. लगेच त्यांनी ती दुसरीकडं वळवली, पण तुम्ही पाहिलं होतं. घरी आलो, तुम्ही गाडीला किक मारली आणि अंगठी सापडली की वर्षालीला पाठवा, एवढं सांगून भर उन्हात निघून गेलात. पोरगी दारातच उभी राहिली. तुम्ही वळणावरून दिसेनासे झालात तरी मी फाटकाची कडी लावत होतो, लावत होतो, आणि ती लागेना.

मंगळवारी मी शेपूच्या जुड्या घेऊन मंडीला जातो म्हणून निघालो आणि पायलच्या दवाखान्यात जाऊन बसलो. तिला सांगितलं, माझाही फोटो काढ. ती हसली, मग काढला, मग हसायची थांबली. काळ्या काचेवर माझ्या बरगड्यांच्या खाली पांढरंशुभ्र गोल कडं, चंद्राला खळं पडावं तसं. मी म्हणालो, पायल, बाई, हे तुझ्या माझ्यात ठेव. ती म्हणाली, "काका, जवाईले चवदा केळे चारले तवा तुमाले बोलता नाही आलं?" त्याचंच उत्तर शोधत असल्यामुळं हे पत्र इतकं लांबलं आहे.

तिथल्या डॉक्टरांनी काच पाहिली. अंगठी गुळगुळीत आहे, टोकदार नाही, पोटाच्या पहिल्या दारातून पुढं सरकली आहे, पोट दुखलं किंवा उलटी झाली तर धावत या, नाहीतर नेहमीसारखं जेवा आणि वाट पाहा, असं ते म्हणाले. वाट पाहा म्हणजे किती, हे विचारल्यावर त्यांनी खांदे उडवले. (सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी उरात मारून घेत नाही, ही म्हण मला पूर्वी नुसती पाठ होती.) मग पायलनं मला भिंतीवरच्या तक्त्यासमोर उभं केलं आणि पचन म्हणजे काय ते समजावलं. बासष्ट वर्षं मी हे पोट घेऊन हिंडतो आहे, त्यात भाकरी टाकतो आहे, पण आत काय चालतं ते मला त्या दिवशी प्रथम कळलं, आणि तुम्हाला सांगतो, तुमच्या-माझ्या पोटात रोज अमरावतीची भाजीमंडी भरते.

तोंड म्हणजे मंडीचं फाटक. गाडी इथंच रिकामी करून माल सुटा करायचा असतो, म्हणून दात. आणि थुंकी नुसती ओल करत नाही, भाकरीची साखर करायला तिथंच सुरुवात होते (म्हणून भाकरी खूप वेळ चावली की गोड लागते, करून पाहा, साखरवाल्याला तेवढाच आनंद). मी फाटकावर न थांबता गाडी आत घातली, तिथंच पहिला गुन्हा झाला. मग नळीतून माल खाली ढकलला जातो, पडत नाही बरं का, ढकलला जातो, हमालासारखे स्नायू एकामागून एक रेटा देतात. माणूस उलटा टांगला तरी घास वर चढतो म्हणाली. मी करून पाहायला निघालो होतो, पायलनं हाताला धरून बसवलं. पुढं जठर. हे हर्रासीचं, म्हणजे लिलावाचं मैदान, तीन-चार तास नुसती घुसळण आणि आरडाओरड, आणि वरून एवढं जहाल आम्ल, की मांसाचं पाणी होतं. मी घाबरून विचारलं, मग माझ्या सोन्याचं? ती म्हणाली, सोन्याचं काही होत नाही काका, तुमचं होईल.

तिथून पुढं लहान आतडं. ते लहान कशावरून म्हणतात कळत नाही, वीसेक फूट लांब असतं. माझ्या आईचं नऊवारी लुगडं वाळत घातलं की या झाडापासून त्या झाडापर्यंत जायचं, त्याहून थोडंच कमी. यकृताकडून पित्त येतं, आणखी एका पिंडातून रस येतो, आणि आतड्याला आतून मखमलीसारखी बारीक लव असते, ती कामाचं तेवढं टिपून रक्ताला देते. म्हणजे या गल्लीत किरकोळवाले बसलेले, ज्याला जे पाहिजे ते तो उचलतो, हात घेतो, डोळा घेतो, मेंदूही घेतो (माझ्या मेंदूपर्यंत गाडी पोचत नसावी). शेवटी मोठं आतडं, ते पाणी शोषून घेतं, आणि मंडी उठल्यावर कोबीचा पाला राहतो तसं उरलेलं पुढं सरकवतं. मी विचारलं, मग या सगळ्याचा अर्थ काय? ती म्हणाली, जे बाहेरचं होतं ते आपलं झालं म्हणजे पचलं, जे आपलं होत नाही ते पुढं जातं, एवढाच अर्थ. अंगठी माझी नव्हतीच, तुमची होती, त्यामुळं ती मला पचणार नाही हे शास्त्रानंही सांगितलं. मी मनात म्हटलं, वैद्य लोक चिमूटभर सुवर्णभस्म कागदाच्या पुडीत घालून देतात, आणि माझ्या पोटात घडवलेलं सोनं फुकट हिंडतंय, त्यानं साखर उतरेल का? पायलला विचारलं नाही. तिची नजर आधीच बरी नव्हती.

आता वाट पाहणं आलं. माझा कोठा जन्मापासून सरकारी चालीचा, हे तुमच्या सासूबाईंनी तुम्हाला लग्नातच सांगितलं असेल. मंगळवार गेला. बुधवारी मी चुलतभावाच्या ट्रॅक्टरच्या रिकाम्या ट्रॉलीत उभा राहून शेतरस्त्यानं चार चकरा मारल्या, हादऱ्यानं काही खाली सरकेल म्हणून. अंगठी नाही सरकली, कवळी मात्र दोनदा निघाली. वर्षाली विचारायची, बाबा, काय करून राहिले? मी म्हणायचो, ट्रॉली तपासतो. पोरगी दोन घास खाऊन उठायची. तिच्या ताटातली भाकरी तशीच पाहून माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता, आणि माझ्या घशाखाली घास उतरणं तर त्या आठवड्यात फार गरजेचं होतं.

शोधण्याची रीत मात्र मी आपल्या धंद्यातली वापरली. वांग्याचं बी कसं काढतात, तुम्ही पाहिलं आहे. पिकलेलं वांगं कुस्करायचं, बादलीत पाणी सोडायचं, हलकं वर तरंगतं ते ओतून द्यायचं, जड ते तळाशी, मग चाळणीत घ्यायचं. बी जड, सोनं त्याहून जड. मी रोज पहाटे बादली आणि बियाण्याची चाळणी घेऊन मळ्याच्या टोकाला जायचो. बेबीताईंना वाटलं, यंदा यांनी बी लवकर धरलं. एकदा त्यांनी हाक मारून विचारलंही, की किती निघालं? मी खाली मान घालून सांगितलं, अजून नाही निघालं. यापुढचा तपशील मी जावयाला लिहीत नाही. एवढंच लिहितो, की गुरुवारी सकाळी चाळणीत टणकन वाजलं. तो आवाज मला मंदिराच्या घंटेहून गोड वाटला. मी उसाच्या फडाशी एकटाच नाचलो, मग बांधावर बसून रडलो. बासष्ट वर्षांचा माणूस, हातात बादली. चाळणी तिथंच लिंबाच्या झाडाखाली पुरली.

घरी येऊन मी काय केलं असेल? खरं सांगायला हवं होतं. मी सांगितलं, अंगठी पिठाच्या डब्यात सापडली. पिठानं माखूनच दाखवली. मला वाटलं, बेबीताई आनंदानं उड्या मारतील. त्या अंगठी हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिल्या आणि पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "अंगठी डब्यात होती, अन् मी लेकराच्या खिशाकडं पाह्यलं जी." त्यानंतर त्या नीट जेवल्या नाहीत. तुम्हाला सात फोन त्यांनीच केले. सातही तुम्ही कापलेत. प्रत्येक वेळी फोन खाली ठेवताना त्या म्हणायच्या, बरोबर आहे त्यांचं.

जावईबापू, त्यांचं चुकलं नाही. आपला माल डोळ्यांदेखत नाहीसा झाला तर माणसाची नजर कुठंतरी जाणारच. चुकलं माझं. मी गप्प बसलो, तुम्हाला केळी सोलून दिली, तुमच्या संडासाबाहेर बसलो, तुम्हाला माझ्या बायकोनं चोर समजेपर्यंत बसलो, आणि तुम्ही गाडीला किक मारलीत तेव्हाही बोललो नाही. अंगठी पाचव्या दिवशी माझ्यातून बाहेर पडली, पण ही गोष्ट आतच बसली आहे. मला माफ करा. तुम्ही माझ्या पोराच्या वयाचे, तुमच्यापुढं हात जोडायला मला लाज वाटत नाही. उशीर झाला याची वाटते. शनिवारी या. अंगठी तयार आहे, धोंडे पुन्हा तळू, आणि पंगतीत, सगळ्यांसमोर, बेबीताईंसमोर, मी माझ्या तोंडानं सांगेन की अंगठी कुठं होती. वर्षालीची बॅग कालपासून भरून दाराशी ठेवलेली आहे. ती म्हणते, मी नाही भरली. मग भरली कुणी?

सर्वांना यथायोग्य नमस्कार. तुमचा अपराधी सासरा,
भगवंत

ता. क. सगळ्यांसमोर सांगेन असं वर लिहिलं खरं, पण पत्र पुन्हा वाचताना त्यावर अधिक विचार केला. पंगतीत माणसं जेवत असतात, अशा वेळी हा विषय बरा नव्हे. बेबीताईंना मी आधीच, शुक्रवारी, एकांतात सांगेन. आणि शुक्रवारी जमलं नाही तर तुम्हीच आल्यावर त्यांना सांगा. तुमच्यावर त्या रागावणार नाहीत. मी तेव्हा मळ्यात असेन.

ता. क. २. अंगठी तयार आहे असं लिहिलं, त्यात थोडा खुलासा. ती ही नव्हे. ती मी रिठ्यानं धुतली, हळदीनं धुतली, दुधानं धुतली, सोनं कशानं बाटत नाही असं पायलनं सांगितलं (तिला कुणी ती बोटात घालायला सांगितली नव्हती). तरी माझं मन घेईना. म्हणून गेल्या शुक्रवारी मी अमरावतीला आपल्या नेहमीच्या सोनाराकडं ती देऊन तेवढ्याच वजनाची दुसरी, साधी, कोरी घेतली. बेबीताईंना सांगितलं, पहिलीवर ओरखडे पडले होते. तेव्हा तुम्ही निर्धास्त राहा. तुमच्यासाठी ठेवलेली अंगठी कुणाच्याही पोटात गेलेली नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात वर्षाली फोन घेऊन आली. नऊ दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा खुलला होता. तुम्ही स्टेटस टाकलं आहे, तुमचा हात, बोटात अंगठी, खाली "बाबांचा आशीर्वाद". ती म्हणाली, विहीणबाईंनी तिला फोनवर सांगितलं, सासऱ्यानं नाही दिली तर माझ्या पोराला मी देईन म्हणून शेषराव व्याही रविवारी अमरावतीला आले होते, आपल्याच सोनाराकडं गेले, आणि त्यांना काचेच्या कपाटात पोराच्या मापाची, वर "यो" कोरलेली अंगठी तयार मिळाली. हा साक्षात देवाचा कौल, असं ते अख्ख्या बाळापूरला सांगताहेत. जावईबापू, त्या अंगठीवर "यो" मीच कोरून घेतला होता, हे वर लिहायचं राहून गेलं. सोनाराला मी ती वितळवायला सांगितली होती. कोरीव काम बघून त्याला वितळवायचं जिवावर आलं असावं.

तेव्हा खरी विनंती ही, की व्याह्यांना यातलं अक्षर सांगू नका, त्यांचा कौल त्यांच्याजवळ राहू द्या. शनिवारी येताना ती अंगठी रुमालात बांधून आणा. आपण दोघंच मळ्यात जाऊन अदलाबदल करू, बादली मी आणतो. आणि तोवर कचेरीत फायलीचा कागद उलटताना बोट जिभेला लावायची तुमची जी सवय आहे, ती कृपा करून चार दिवस सोडा.